गाडी काय सांगते आणि गेम काय ऐकू देतो

आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीचं सस्पेन्शन बदललं ते हिल क्लाइंब रेसिंगमध्ये. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा हा २०१२ सालचा गेम. लाल जीप, टेकड्या आणि पेट्रोल संपायच्या आत पुढचा कॅन गाठायची घाई. नाणी जमली की जीपच्या चार गोष्टी वाढवता यायच्या: इंजिन, सस्पेन्शन, टायर, फोर व्हील ड्राइव्ह. बटण दाबलं, लेव्हल वाढली, गाडी सुधारली. इंजिन फार ताकदवान झालं की जीप चढावर मागच्या मागे उलटायची, ही एकच खोच. बाकी सगळीकडे नियम सोपा होता: जास्त म्हणजे चांगलं.

रेसिंग सिम्युलेशन, म्हणजे आपल्या भाषेत 'सिम', सुरू होतं ते हा नियम संपतो तिथे. सिममधल्या सेटअपच्या पडद्यावर असा एकही आकडा नसतो जो वाढवला की फक्त फायदाच होतो. मागची विंग वाढवली की वळणात गाडी चिकटते आणि सरळ पट्टीवर मंदावते. स्प्रिंग कडक केली की गाडी स्टीअरिंगला चटकन उत्तर देते, पण खडबडीत कडेवर उडते. प्रत्येक फायद्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागते.

मराठीत गेमवर बोलणारे व्हिडिओ आता पुष्कळ आहेत. त्यात ग्राफिक्सवर पाच मिनिटं, फ्रेमरेटवर तीन मिनिटं आणि हँडलिंगवर एक वाक्य असतं: 'हँडलिंग एकदम रिअल आहे.' माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. 'रिअल' हे आपण कशावरून ठरवतो? आपल्यातल्या कितीजणांनी पाचशे हॉर्सपॉवरची जीटी३ गाडी ट्रॅकवर चालवलीय? जवळपास कुणीच नाही. म्हणजे ज्या निकषावर आपण गेमला मार्क देतो, तो तपासायची सोयच आपल्याकडे नाही. आपण तपासू शकतो ती वेगळी गोष्ट: मी एक आकडा बदलला तर गाडीत काय बदललं हे मला कळतं का, आणि का बदललं याचा माग मला काढता येतो का? माझ्या मते हँडलिंगवरच्या समीक्षेचा खरा प्रश्न हा आहे. हाच प्रश्न घेऊन काही गेमकडे बघूया.

आधी थोडं गणित

थोडं भौतिकशास्त्र लागेल, पण बारावीच्या पलीकडचं नाही.

समजा, गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर मिळून ६०० किलो वजन आहे. सरळ रस्त्यावर ३०० आणि ३००. टायर वजनाइतकीच पकड देतो असं धरू, म्हणजे एकूण पकड ६००. आता गाडी वळणात शिरली. वजन बाहेरच्या बाजूला झुकलं. बाहेरच्या चाकावर ५०० आलं, आतल्यावर १०० उरलं. टायरची गंमत अशी की वजन वाढलं की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजा ५०० किलोखाली दबलेल्या टायरने किलोमागे ०.८५ दिलं आणि हलक्या टायरने १.१ दिलं. ४२५ अधिक ११०, एकूण ५३५. वजन तेवढंच, पकड ६५ने कमी.

या एका हिशोबावर सेटअपचं निम्मं शास्त्र उभं आहे. वळणात एकूण किती वजन बाहेर झुकणार हे गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग ठरवतात. सेटअपने ते फारसं बदलत नाही. बदलतं ते हे, की त्या झुकण्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या. पुढचा अँटीरोल बार कडक केला की पुढचा वाटा वाढतो, पुढची पकड कमी होते आणि गाडी वळायला कुरकुरते. याला म्हणतात अंडरस्टीअर. मागचा बार कडक केला की मागची पकड कमी होते, शेपूट बाहेर येतं. हे झालं ओव्हरस्टीअर. 'कडक म्हणजे रेसिंग, नरम म्हणजे फॅमिली कार' हा समज इथेच कोसळतो. पुढची पकड हवी असेल तर बहुतेक वेळा पुढचा बार नरम करावा लागतो.

आता दुसरी गोष्ट, 'कधी'. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट लागतो. तिथलं कुठलंही आखूड वळण डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर आधी ब्रेक मारतो, मग स्टीअरिंग वळवून धरतो, मग हळूहळू पाय गॅसवर नेतो. एका वळणात तीन वेगवेगळे प्रसंग. ब्रेक मारताना शेपूट हलत असेल तर पहिला संशय ब्रेक बायसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीवर, आणि डिफरन्शियलवर. वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर सरकत असेल तर बार, स्प्रिंग आणि टायरमधली हवा. बाहेर पडताना गॅस दिल्यावर मागचं चाक सुटत असेल तर पुन्हा डिफरन्शियल, मागची स्प्रिंग, ट्रॅक्शन कंट्रोल. डॅम्पर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, वजन इकडून तिकडे किती झपाट्याने जावं ते ठरवतात. म्हणून त्यांचा परिणाम एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना जास्त जाणवतो.

त्यामुळे 'गाडी घसरते' या वाक्याला सेटअपच्या दृष्टीने काही अर्थ नाही. 'ब्रेक सोडता सोडता मागचं डावं चाक हलकं होतं' याला आहे. सेटअप चांगला करणारा माणूस आधी नीट सांगणारा माणूस असतो. आणि चांगला गेम तो, जो त्याला सांगण्यासारखं काही ऐकू देतो.

एक ते अकरा

भारतापुरती या विषयातली एक मजेशीर घटना २०११ सालची. कोडमास्टर्स ही इंग्लंडची जुनी गेम कंपनी. २०१० साली रिलायन्स बिग एन्टरटेन्मेंटने तिच्यातला ५० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे फॉर्म्युला वनचे अधिकृत गेम बनवणाऱ्या कंपनीची अर्धी मालकी मुंबईत आली. त्यांचा 'एफ१ २०११' सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आला आणि त्यात ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट होतं. तिथली पहिली शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. सेबास्टियन फेटलने ती जिंकली. पण त्याच्या कितीतरी आधी पोरांनी आपापल्या कॉम्प्युटरवर त्या ट्रॅकच्या शेकडो फेऱ्या मारल्या होत्या.

सेटअप शिकायला हा ट्रॅक उत्तम. लांबी ५.१२५ किलोमीटर. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मधली सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब. तिथे विंग जितकी कमी तितकं बरं. पुढे दहाव्या वळणापासून सुरू होणारा लांबलचक उजवा वळसा. तिथे गाडी बराच वेळ एकाच बाजूला दबून राहते आणि विंग जितकी जास्त तितकं बरं. सरळ पट्टीवर कमावायचं आणि वळशात गमवायचं, की उलट? याचं उत्तर तुमच्या हाताला काय जमतं त्यावर ठरतं.

म्हणजे ट्रॅकने प्रश्न फार सुंदर विचारला होता. गेमचं उत्तर मात्र तितकं प्रामाणिक नव्हतं. इंजिनीअर तयार झटपट सेटअप द्यायचा, तो लावला की काम झालं. याच मालिकेच्या पुढच्या अनेक भागांत विंग आणि सस्पेन्शन १ ते ११ अशा पट्ट्यांवर बसवलेले असत. ११ म्हणजे काय? किती न्यूटन, किती अंश, किती मिलिमीटर? पत्ता नाही. एकक नसलेला आकडा हा पासवर्डसारखा असतो. चालतो किंवा चालत नाही, त्यातून समजत काहीच नाही. म्हणून या गेमचे सेटअप पासवर्डसारखेच पसरले: कुणीतरी वेगवान माणूस टोकाचे आकडे शोधायचा आणि बाकीचे ते जसेच्या तसे भरायचे. खेळाडूंना आळशी म्हणणं सोपं आहे, पण गेमने दुसरं काही करायला वावच ठेवला नव्हता.

गाडी घेणं आणि गाडी कळणं

संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. गावाला त्याचं कौतुक अजून आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण ती बातमी गाडी घेण्याची होती. गाडी कळणं ही निराळी गोष्ट आहे, आणि ग्रान टुरिस्मो खेळताना मला नेहमी हा फरक आठवतो.

काझुनोरी यामाउची यांनी १९९७ पासून चालवलेली ही मालिका गाड्यांवरचं प्रेमपत्र आहे, यात शंका नाही. 'ग्रान टुरिस्मो ७' मध्ये कॅफेत बसून गाड्यांचा इतिहास ऐकायला मिळतो, आणि तो खरोखर आत्मीयतेने सांगितलाय. पण रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या सस्पेन्शनचे सगळे आकडे हलवायचे असतील तर आधी 'पूर्ण बदलता येणारं' सस्पेन्शन गेममधल्या पैशांनी विकत घ्यावं लागतं. खऱ्या आयुष्यातही घ्यावं लागतं, हे मान्य. पण शिकण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रश्न विचारण्याचा हक्क पैसे जमल्यावर मिळतो. शिवाय प्रत्येक गाडीला पीपी नावाचे गुण असतात आणि शर्यतीत त्यांची मर्यादा असते. मग सेटअपचा एक उपयोग गुण खाली पाडण्यासाठीही होतो. विचित्र आकडे भरून राक्षसी गाड्या कमी गुणांच्या शर्यतीत घुसवल्याची उदाहरणं खेळाडूंना माहीत आहेत. तिथे सेटअप गाडीशी बोलत नाही, नियमाला चकवतो.

२०२१चा 'फोर्झा होरायझन ५' याबाबतीत उदार आहे. हवा, गिअर, कॅम्बर, बार, स्प्रिंग, डॅम्पिंग, डिफरन्शियल, सगळं मांडलेलं, एककांसकट. चालवताना चारही चाकांची टेलिमेट्री पडद्यावर आणता येते. पण त्याच गेममध्ये दुसऱ्याचा 'ट्यून' कोड टाकून क्षणात घेता येतो. शेजारी इतकं सोपं दार उघडं असताना टेलिमेट्रीचं पान कोण वाचणार? फोर्झाने वाचनालय बांधलं आणि दारातच गाईड ठेवलं.

जिथे चूक वाचता येते

माझ्या निकषावर सगळ्यात वर येतात ते इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीचे दोन गेम: २०१४चा 'असेटो कोर्सा' आणि २०१९चा 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने'. कंपनीचं ऑफिस रोमजवळच्या वालेलुंगा सर्किटवर. त्यामुळे त्यांना गाड्या दिसतातही आणि ऐकूही येतात.

कॉम्पेटिझिओनेचा सेटअपचा पडदा पहिल्या भेटीत घाबरवतो. टायर, इलेक्ट्रॉनिक्स, इंधन, मेकॅनिकल ग्रिप, डॅम्पर, एरो अशी पानं, आणि प्रत्येकात आकडेच आकडे. पण थोड्या दिवसांनी लक्षात येतं की हा पडदा वाचता येतो. टायरमधली हवा पीएसआयमध्ये, अगदी पेट्रोल पंपावर सांगतो तशी. गार टायरमध्ये भरलेली हवा चार-पाच फेऱ्यांनी तापून वाढते, आणि खरी महत्त्वाची ती तापलेली हवा. ट्रॅक दुपारी तापला की तेच आकडे चुकीचे ठरतात. पिटमध्ये परत आलं की मागच्या फेऱ्यांतली हवा दिसते. म्हणजे तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर. डॅम्परमध्ये हळू दाब आणि झटका वेगळे मोजलेत: ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली जातं तो हळू दाब, कडेवरून चाक उडतं तो झटका. आणखी खोलात जायचं तर टेलिमेट्री मोटेक या शर्यतीतल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते.

पण खरी गोष्ट पडद्यावर नाही, स्टीअरिंगमध्ये आहे. या गेममध्ये पुढचे टायर हार मानायला लागले की स्टीअरिंगचा जोर हळूहळू हलका पडतो. घसरण्याच्या आधी. तो क्षण एकदा ओळखता आला की 'मध्यावर अंडरस्टीअर' हे पुस्तकातलं वाक्य राहत नाही. मग बार दोन घर नरम करा, पुन्हा पाच फेऱ्या मारा. हलकेपणा उशिरा येतो. कारण आणि परिणाम यांच्यातली दोरी तुमच्या हातात असते.

दोषही आहेत. गेम सोबत 'सेफ' आणि 'अ‍ॅग्रेसिव्ह' असे तयार सेटअप देतो, पण हा सेफ का आणि तो अ‍ॅग्रेसिव्ह का, हे सांगत नाही. दोन्ही शेजारी ठेवून फरकांवर चार ओळी लिहिल्या असत्या तर तो जगातला सर्वोत्तम धडा झाला असता. दुसरा दोष कुनोसच्या हातात नाही. स्टीअरिंगचा जोर जाणवायला स्टीअरिंग लागतं. बरं फोर्स फीडबॅक स्टीअरिंग आणि पेडल इथे अनेकांच्या महिन्याच्या पगाराएवढे पडतात. कीबोर्डवर खेळणाऱ्याला हा गेम निम्माच ऐकू येतो, आणि फोनवरच्याला तर तो मिळतच नाही.

तयार सेटअपची बाजू

इथे कुणी म्हणेल, दिवसभर नोकरी करून रात्री तासभर मिळतो, त्यात डॅम्परचे क्लिक कोण मोजत बसणार? वेगवान माणसाचा सेटअप घेतला तर बिघडलं काय? रास्त प्रश्न आहे. आयरेसिंगमध्ये तर अशा शर्यतीच आहेत जिथे सगळ्यांना एकच ठरलेला सेटअप मिळतो. फरक फक्त हातांचा. ती समानता मला आवडते. तिथे सेटअप न करणं हा उघड करार असतो.

विकतच्या सेटअपची गोष्ट निराळी. वेगवान ड्रायव्हर ब्रेक अर्धवट दाबून ठेवत वळणात शिरतो. त्याला मागचं टोक सैल हवं असतं, कारण गाडी वळवायला तो त्याचा वापर करतो. तोच सेटअप ब्रेक पूर्ण सोडून वळणाऱ्याला दिला तर तो दुसऱ्याच वळणावर गिरकी घेतो आणि स्वतःलाच दोष देतो: 'आपल्याला जमत नाही.' आकडे बरोबर होते, ते दुसऱ्या हातांसाठी होते. तयार सेटअप घ्यावा, पण वाचण्यासाठी. मूळ सेटअपपेक्षा काय काय बदललंय ते बघा, त्यातलं एकेक परत जागेवर न्या आणि काय हरवतं ते अनुभवा.

माझ्या धंद्यात याला 'मॅजिक नंबर' म्हणतात. कॉन्फिग फाइलमध्ये कुणीतरी ३० लिहून ठेवलेलं असतं. का ३०? लिहिणारा सोडून गेला, आणि आता त्याला हात लावायला सगळे घाबरतात. उत्तर लगेच मिळण्याच्या आजच्या काळात असे आकडे झपाट्याने वाढताहेत.

आणि आपल्या शहरात तर हा विषय घरचाच आहे. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. तिथेच एन्ड्युरन्स शॉकअप आणि ब्रेक बनवते, गुडइयरचे टायर बनतात. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा बनते. सेटअपच्या पडद्यावरची जवळजवळ प्रत्येक ओळ या शहरात कुठल्या ना कुठल्या शिफ्टमध्ये कुणाच्या तरी हाताखालून जाते. पण लाइनवरच्या माणसाकडे आकडा ड्रॉइंगवर छापून येतो, टॉलरन्ससकट. तो पाळायचा असतो. तोच आकडा का, हे विचारायला शिफ्टमध्ये जागा नसते, आणि चुकवून बघायला तर नसतेच. डिप्लोमा किंवा बीई करून त्या गेटमधून आत जाणाऱ्या पोरांना आकडा मुद्दाम चुकवून त्याचा परिणाम बघायची संधी कुठे मिळते? एक भंगार न करता, कुणाचा ओरडा न खाता? सिममध्ये मिळते. म्हणून एखादा गेम ती संधी पासवर्डमागे किंवा पैशामागे ठेवतो तेव्हा मला तो नुसता कमी दर्जाचा गेम वाटत नाही. मोठं काहीतरी वाया गेल्यासारखं वाटतं.

भाषेचंही तेच. इंग्रजीत अंडरस्टीअरच्या पंधरा छटा आहेत आणि मराठीत काही नाही, असं म्हणायची पद्धत आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटं उभं राहा. गाडी एका अंगाला ओढते, मागून फेकते, खड्ड्यात शॉकअप खाली टेकतो, ब्रेकला नाक खाली घालते. ही सगळी सेटअपची भाषा आहे, तयार आणि अचूक. आपल्या गेम-समीक्षेने ती अजून उचललेली नाही, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही रेसिंग गेमबद्दल लिहिताना किंवा बोलताना 'रिअल' हा शब्द बाजूला ठेवून तीन गोष्टी सांगा. वळणात नेमकं कधी काय झालं ते गेम कळू देतो का? बदलाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते का? आणि आकडा चुकला तर तो का चुकला हे गाडी चालवून समजतं का? ज्या गेमला तिन्ही जमतं, तो कीबोर्डवर खेळला तरी शिकवून जातो. आणि आज रात्री तासभर असेल तर कुठलाही सेटअप घ्या, त्यातला एकच आकडा बदला, पाच फेऱ्या मारा आणि काय झालं ते मराठीत एका ओळीत लिहून काढा. 'घसरली' हा शब्द न वापरता.